सहा सिलिंडर, त्यांतले तीन रिकामे : सीओटू यंत्रणेच्या चाचणीत झालेली माझी फसवणूक

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा कारखाना आहे. तिथल्या विद्युत पॅनेलच्या खोलीत फेब्रुवारी २०२३ मध्ये मी कार्बन डायऑक्साइडची अग्निशमन यंत्रणा बसवून घेतली. खोली १९२ घनमीटरची असल्यामुळे साधारण २५५ किलो वायू लागणार होता, म्हणून ४५ किलोचे सहा सिलिंडर ठरले. ९,८५,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून एकूण ११,६२,३०० रुपये मी दिले. त्यांतले शेवटचे १,१६,२३० रुपये चाचणी पूर्ण झाल्यावर द्यायचे होते. माझ्या हातात उरलेली ती एकच दोरी होती आणि ती मी त्याच संध्याकाळी सोडून दिली.

चाचणीच्या दिवशी डिटेक्टरवर धूर सोडला, हूटर वाजला, ३० सेकंदांनी सोलेनॉइडचा, म्हणजे सिलिंडरची झडप उघडणाऱ्या विजेच्या भागाचा, ‘टक्’ असा आवाज आला आणि दारावरचा लाल दिवा लागला. आम्ही सगळे बाहेर उभे होतो आणि त्यात गैर काही नव्हते. विजेच्या आगीसाठी खोलीत या वायूचे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यावे लागते, आणि १० टक्क्यांच्या पुढे गेले तरी माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो.

मी वजनाबद्दल विचारले होते, हे इथे नोंदवतो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “साहेब, सिलिंडर रॅकमधून काढले तर वॉशर बदलावे लागतील, ते आज आणलेले नाहीत. वजनाचा तक्ता फाइलमध्ये लावलेला आहे.” तो तक्ता मी उघडून पाहिला. सहाही सिलिंडरांपुढे एकाच शाईत १२०.० किलो असे लिहिले होते. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या खांद्यावर कोरलेले असते आणि ते दोन सिलिंडरांचे सहसा सारखे नसते. माझ्या रॅकमध्ये ते ७३.८ पासून ७७.४ किलोपर्यंत होते आणि ते आकडे माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांत ४५ मिळवून सहा ठिकाणी १२०.० कसे येईल, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मी अभियंता आहे, म्हणून हे जास्त लागते. विम्याची तपासणी चार दिवसांवर होती, माणूस ओळखीतून आलेला होता आणि प्रत्येक कागदावर शिक्का होता. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्यानेही सहीच केली असती, असे मला आजही वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये देखभालीसाठी दुसरी संस्था नेमली. त्या संस्थेच्या कामावरच्या मुलाने एक सिलिंडर एकट्याने तिरका करून सहज फिरवला आणि माझ्याकडे पाहिले. टांगत्या काट्यावर वजने घेतली, तेव्हा दोन सिलिंडर भरलेले निघाले, एकात ३८ किलो वायू होता आणि तीन पूर्ण रिकामे. दीड वर्ष माझे कामगार १२८ किलोच्या भरवशावर त्या खोलीत काम करत होते, हे आठवले की अजून संताप होतो. ठरलेल्या वजनात १० टक्क्यांहून अधिक घट आली की सिलिंडर पुन्हा भरावाच लागतो. दाबमापकावर तर मुळीच विसंबू नका, कारण द्रवरूप वायू थोडा जरी उरला असेल तरी काटा तोच दाब दाखवतो.

याच ठेकेदाराने मधल्या काळात महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखालचे ‘ब’ नमुन्याचे, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे, प्रमाणपत्र तीनदा दिले. प्रत्येकाचे ८,२६० प्रमाणे २४,७८० रुपये झाले. वजन एकदाही केले नाही.

तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळाले. खोटे वजन लिहून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहिता येण्यापूर्वीही फसवणूकच होती आणि आता कलम ३१८ खालीही फसवणूकच आहे, हे मी तीन वेळा सांगितले. अग्निशमन कार्यालयात ‘प्रमाणपत्र परवानाधारकाचे आहे, आम्ही काय पाहणार?’ असे विचारले गेले. परवाना कोणी तपासायचा, हे तिथे कोणीही सांगितले नाही. ग्राहक आयोगाच्या दारातून व्यावसायिक खरेदी म्हणून परत पाठवले. माझ्या अर्जावर चार ठिकाणची पोच आहे, पण प्रत्यक्ष खोली पाहायला एकही अधिकारी आलेला नाही.

काटा तुमचा आणा, प्रत्येक सिलिंडर तुमच्यासमोर तोलला जाऊ द्या, कोरलेले वजन आणि शेवटच्या दाबचाचणीची तारीख यांचा फोटो काढा आणि तोवर शेवटचा हप्ता देऊ नका. दिवा लागणे म्हणजे वायू सुटणे नव्हे.

सध्या भाड्याचे सिलिंडर जोडून खोलीचे काम चालवतो आहे. ते तीन रिकामे सिलिंडर मी भिंतीशी साखळीने बांधून ठेवले आहेत. पंचनामा होईपर्यंत ते तिथून हलवणार नाही.