'हॅपी गिल्मोर': १९९६ चा बघावा की २०२५ चा?

चवथीच्या रात्री आरत्या आटोपल्या, माटोळीखालची मुलं पांगली आणि फोंड्याच्या आमच्या घरात काय बघायचं यावर खल सुरू झाला. भाचा म्हणाला, "मामा, 'हॅपी गिल्मोर २' लावूया? पण कोण भारी म्हणतो, कोण टाकाऊ." त्याने पहिला पाहिला नव्हता. तुमचंही तसंच असेल, तर आधी पहिलाच बघा.

पहिला हा हॉलिवूडचा विनोदी चित्रपट, फेब्रुवारी १९९६ चा. आइस हॉकीत डाळ न शिजलेला हॅपी गिल्मोर हा तापट पोरगा आजीचं जप्त झालेलं घर सोडवायला गोल्फ खेळू लागतो. फटका तोफेसारखा, पण जवळचा चेंडू खळग्यात जाता जात नाही. समीक्षकांनी तेव्हा फारसं कौतुक केलं नाही. नावाजलेला अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी दीड तारा दिला. तरी सुमारे १.२ कोटी डॉलर खर्चून चित्रपटाने सुमारे ४ कोटी मिळवले. हॅपी झालेला अ‍ॅडम सँडलर आणि टीव्हीचे सूत्रसंचालक बॉब बार्कर यांच्या पडद्यावरच्या मारामारीला एमटीव्हीचा पुरस्कारही मिळाला. आम्ही तो केबलवर पाहिला, मी आणि दादाने. दीड तासात गोष्ट सरळ जाते, कुठे रेंगाळत नाही.

दुसरा २५ जुलै २०२५ ला थेट नेटफ्लिक्सवर आला. पहिल्या तीन दिवसांत ४.६७ कोटी व्ह्यू. अमेरिकेत नेटफ्लिक्सच्या चित्रपटाची ती सर्वांत मोठी सुरुवात ठरली. पण बघितलेल्या एकूण वेळेला चित्रपटाच्या लांबीने भागून हे व्ह्यू काढतात, त्यामुळे त्यात उत्सुकता दिसते, आवड दिसत नाही. समीक्षकांत दोन तट पडले. तक्रारी साधारण सारख्याच: जवळजवळ दोन तासांची लांबी, पाहुण्या चेहऱ्यांची गर्दी आणि जुन्या चित्रपटाचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडणं. ही शेवटची तक्रार मला पटते. विनोद झाला की लगेच त्याचं मूळ दाखवतात, हसायला उसंतच मिळत नाही. कौतुक झालं ते हॅपीचा जुना प्रतिस्पर्धी शूटर मॅकगॅव्हिन होऊन परतलेल्या ख्रिस्तोफर मॅकडोनाल्डचं आणि कॅडी, म्हणजे गोल्फच्या काठ्या वाहणारा मदतनीस, झालेल्या गायक बॅड बनीचं. तेही पटतं.

(पुढच्या ओळीत कथेतली एक गोष्ट फुटते.) हॅपीच्या हातून, त्याच्याच फटक्याने बायको व्हर्जिनिया सुरुवातीलाच मरते आणि तो दारूत बुडतो. पहिल्यावर जीव असलेल्या अनेकांना हे खुपलं. मलाही खुपलं. मुलीच्या पॅरिसमधल्या बॅले शिक्षणासाठी तो पुन्हा मैदानात उतरतो, तेव्हा कुठे गोष्टीला बळ येतं.

मग चाहते कशाने भारावले? आपल्याकडच्या जत्रेतलं नाटक आठवा. संवाद तोंडपाठ असलेली माणसं एका नाट्यपदासाठी पहाटेपर्यंत जागतात आणि ते आलं की 'वन्स मोअर' देतात. शेजारी बसलेल्या नवख्याला वाटतं, नाटक का थांबलं? दोघंही खरंच बोलत असतात. दुसऱ्या भागात हॅपी आणि शूटर कब्रस्तानात भांडतात. थडग्यांवर पहिल्या भागातल्या दिवंगत पात्रांची नावं आहेत. पहिल्या भागात हॅपीचे लाकडी हाताचे गुरू चब्ज झालेले कार्ल वेदर्स फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. त्यांची भूमिका मोठी लिहिली होती, ती बदलावी लागली. त्या रात्री आम्ही दुसराच लावला, तेव्हा या थडग्यांपाशी दादाने रिमोट घेऊन चित्र थांबवलं आणि एकेक नाव वाचलं. भाचा विचारत राहिला, "हा कोण? आणि हा?" दादाचे डोळे भरले होते. भाच्याला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याला पहिला दाखवला. मगर आली तेव्हा तो उठून बसला, "म्हणजे चब्जचा हात हिनेच खाल्ला?"

पहिला पूर्वी पाहून आवडला असेल, तर दुसरा जरूर बघा, पण ज्याच्यासोबत तेव्हा पाहिला त्याच्यासोबत. कोणतीच ओळख नसेल आणि एकच संध्याकाळ असेल, तर १९९६ चा पुरे. गोल्फचे नियम कळले नाहीत तरी अडत नाही. शिव्या मात्र दोन्हींत आहेत आणि दुसऱ्यात दारूचे विनोदही बरेच, त्यामुळे लहान मुलं निजल्यावरच लावा.