फॅन पास, वायरिंग नापास: ३२ च्या फोर्डमधल्या इलेक्ट्रिक फॅन किटचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. पुढे बरंच बोलणार आहे आणि त्यातला थोडा दोष माझाही आहे. किट म्हणजे १६ इंची पुलर फॅन (रेडिएटरच्या मागे बसून त्यातून हवा ओढणारा), एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), फ्यूज होल्डर, टेंपरेचर स्विच आणि वायरचं एक भेंडोळं, सगळं मिळून १४० डॉलर. फॅनसाठी घ्या. बाकीच्यासाठी अजिबात नको.

गाडीबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९३२ चा फोर्ड थ्री विंडो कूपे आहे, पण तो नावालाच फोर्ड, कारण बॉडी फायबरग्लासची, चासी नवीन बनवलेली आणि बॉनेटखाली शेवरलेचं ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन, म्हणजे सासर फोर्डचं आणि माहेर शेवरलेचं. इकडे डेट्रॉइटच्या बाजूला असल्या गाड्यांना स्ट्रीट रॉड म्हणतात आणि निम्म्या रॉड्समध्ये हाच घरोबा असतो, कुणाला त्याचं काही वाटत नाही. आता या गाडीचा रेडिएटर उंच आणि अरुंद, आणि इंजिन पुढपर्यंत आलेलं, मधल्या फटीत माझा हातसुद्धा आडवा करून घालावा लागतो, त्यामुळे बेल्टवर फिरणारा फॅन विसराच. इलेक्ट्रिकच लागतो. तशी तापायची सवय या खानदानाचीच म्हणा, फोर्डने १९३२ ला जो फ्लॅटहेड व्ही-८ आणला त्यात एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या शेजारून काढलेले होते, तोही उन्हाळ्यात जीव काढायचा.

तर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून चालू आहे, वुडवर्ड अव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या आणि त्याहून जास्त बघे, खुर्च्या टाकून फुटपाथवर बसलेले. गाडी चालवायची म्हणजे बैलगाडीच्या स्पीडने सरकायचं. रॉयल ओकपर्यंत ठीक होतं, मग काटा १९० वरून २००, २१०, २२० (फॅरनहाइट बरं का), आणि मी हीटर फुल्ल करून (तेवढीच इंजिनची उष्णता आत खेचली जाते), काचा खाली करून, घामाने निथळत एका पिझ्झावाल्याच्या पार्किंगमध्ये घुसलो. फॅन चालू होता! म्हणजे फिरताना दिसत होता. म्हणून पहिले दोन आठवडे मी भलतीकडेच शोधत बसलो.

सांगलीला मामांचं गॅरेज होतं, त्यांना व्हिडिओ कॉल केला तर म्हणाले, "भाचेबुवा, थर्मोस्टॅट काढून फेकून दे, आम्ही सगळ्या गाड्यांचे काढायचो." मामांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हे करू नका. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप, ती १८० ची असेल तर तो १८० च्या खाली इंजिन गार पडू देत नाही एवढंच, त्याच्यावर किती चढायचं ते रेडिएटर आणि हवा ठरवतात. थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदला, चांगला असेल तर त्याला का शिक्षा. आणि २२० ला घाबरून मी जो तमाशा केला तोही थोडा जास्तच होता, कारण निम्मं कूलंट निम्मं पाणी आणि रेडिएटरला १५ पीएसआय दाबाचं झाकण असलं की उकळायला २६० च्या वर जावं लागतं. हे मला नंतर कळलं, पार्किंगमध्ये नव्हे.

खरी खूण समोर होती आणि मीच बघत नव्हतो. हायवेला ६० मैलांच्या स्पीडने गाडी १९० ला चिकटून राहायची, सिग्नलला थांबली की चढायची. याचा अर्थ सरळ आहे: रेडिएटर आणि वॉटर पंप बरे आहेत, उभ्या गाडीला हवा कमी पडतेय. उलटं असतं, म्हणजे हायवेला तापली असती तर रेडिएटर चोंदलाय का, पाणी फिरतंय का ते बघावं लागलं असतं. चालत्या गाडीत पस्तीसेक मैलांच्या पुढे फॅनची तशी गरजच नसते, समोरून वाराच एवढा येतो.

मग पिझ्झाचंच पॅम्फ्लेट घेतलं (पार्किंगमध्ये थांबल्याबद्दल त्यांनी हातात दिलं होतं) आणि इंजिन चालू, फॅन चालू असताना ग्रिलवर धरलं. चिकटलं, पण मरगळल्यासारखं, आणि हळूच घसरून खाली पडलं. म्हणजे फॅनची दिशा बरोबर, वायरी उलट्या जोडलेल्या नाहीत, पण जीव नाही. मग फॅनचा प्लग काढून दोन जाड वायरींनी डायरेक्ट बॅटरीवर लावला तर असा घोंगावला की गॅरेजमधली धूळ उडाली आणि बायकोने आतून विचारलं काय फुटलं म्हणून. तेव्हाच कळलं की फॅन निर्दोष आहे, त्याला उपाशी ठेवलंय.

इथून पुढचं काम दहा मिनिटांचं होतं, फक्त मल्टिमीटर पाहिजे. डीसी व्होल्टवर ठेवायचा, फॅन चालू असतानाच एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं फॅनच्या काळ्या वायरला. तिथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. मला २.३ व्होल्ट दिसले! मग तसंच पॉझिटिव्हकडून, बॅटरीपासून फॅनच्या लाल वायरपर्यंत, तर ०.९. म्हणजे बॅटरीवर १३.६ आणि फॅनपाशी पोचतायत १०.४, बाकीचे वाटेत वायरी गरम करण्यात खर्च. फॅन बंद ठेवून मोजलं असतं तर सगळं छान १२ च्या वर दिसलं असतं, कारण करंटच वाहत नसतो. मी आधी तसंच मोजलं होतं आणि दोन आठवडे फसलो होतो.

२.३ कुठे गेले, तर किटच्या कागदावर लिहिलंय की काळी वायर बॉडीला जवळच्या बोल्टवर मारा. लोखंडी बॉडीला ठीक आहे हो, करंट तिच्यातूनच बॅटरीकडे परत जातो! माझी बॉडी फायबरग्लासची, तिला बोल्ट मारणं म्हणजे टेबलाला अर्थिंग देणं. आधीच्या मालकाने हे ओळखून वायर चासीच्या ब्रॅकेटवर नेली होती, पण ब्रॅकेट पावडर कोटिंग केलेलं, चकचकीत काळं, आणि कोटिंग म्हणजे इन्शुलेशनच. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा करंट पाझरत होता तेवढ्यावर फॅन फिरत होता. बोल्ट काढला तर वॉशरखाली कोटिंग जसंच्या तसं आणि मधे एक बारीकसा जळका ठिपका, मुंगीएवढा. २० अँपियर त्या मुंगीतून जायला बघत होते!

आता पॉझिटिव्ह बाजू, आणि इथे किटला शून्य मार्क. वायर हाताला जाड लागते, पण सोलून बघितली तर प्लास्टिकच जाड, आत तांबं १६ गेजच्या आसपास. एवढ्या फॅनला एवढ्या लांबीवर १० गेज पाहिजे (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). रिलेचं सॉकेट काढलं तर ८७ नंबरच्या पिनभोवती (फॅनकडे करंट जातो ती) प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, वासही तोच जळका, आणि आतला टर्मिनल बोटाने हलत होता. ढिला टर्मिनल तापतो, तापला की अजून ढिला होतो, मग सॉकेट वितळतं. फॅन फिरता फिरता एक दिवस थांबलाच असता, फ्यूज न उडता.

स्विचची गंमत वेगळीच. किटमधला स्विच १८५ ला चालू आणि १७० ला बंद होणारा, आणि इंजिनमधला थर्मोस्टॅट १८० चा. म्हणजे इंजिन १७० ला कधी येणारच नाही आणि फॅन एकदा लागला की गाडी बंद करेपर्यंत लागलेलाच. मी २०० ला चालू, १८५ ला बंद असा बदलला. आणि बदलताना स्वतःच माती खाल्ली, गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे दिले, तर फॅन लागेचना. एक वायरवाला स्विच आपल्या पितळी अंगातूनच अर्थिंग घेतो, त्याला मी शाल गुंडाळून बसवला होता. टेप काढली, जरासं सीलंट लावलं, झालं. हे तपासायचं असेल तर चावी ऑन करून स्विचची वायर काढा आणि इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा, रिले टक् वाजून फॅन लागला तर दोष स्विचकडे, नाही लागला तर मागे रिलेकडे चाला.

शेवटी १० गेजची लाल आणि काळी वायर, चांगला ४० अँपियरचा रिले, काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि चासी ते इंजिन एक वेगळी पट्टी, तीही कोटिंग खरवडून. खर्च ३५ डॉलर आणि एक रविवार. रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या किटबरोबर येतात त्या पण फेकल्या, त्या हलून हलून रेडिएटरच्या नळ्या घासतात, त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापून ब्रॅकेट केले. आता फॅनपाशी १३.२ व्होल्ट, क्लॅम्प मीटरवर आधी १५ अँपियर दिसायचे तिथे २२, आणि पॅम्फ्लेट ग्रिलवरून ओढून काढावं लागतं. एक लक्षात ठेवा, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अल्टरनेटर वीज कमी देतो, हेडलाइट आणि फॅन एकदम लागले तर जुन्या वन-वायर अल्टरनेटरचा दम निघू शकतो, माझा आयडल मी थोडा वाढवलाय.

सप्टेंबरात पुन्हा वुडवर्डला नेली, मुद्दाम संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, पाऊण तास. २०० ला फॅन लागतो, १८५ ला बंद, परत लागतो, मी नुसता काटाच बघत होतो, रस्त्याकडे कमी.

फॅनला साडेचार स्टार, बाकी किटला एक, तोही फ्यूज होल्डरला झाकण आहे म्हणून. कंपनीला फोटोंसकट मेल केला होता, त्यांचा माणूस फार गोड बोलला आणि आठ दिवसांत नवीन हार्नेस (वायरींचा संच) फुकट पाठवला, अगदी तोच, तेच जाड प्लास्टिक. यंदा दिवाळीला त्या वायरवर गॅरेजच्या दारात १२ व्होल्टचा एलईडी आकाशकंदील लावला. अर्धा अँपियर घेतो, मस्त चालतो.