लादीखाली काय गेलं ते मी पाहिलं नाही

आमची खोली गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. १० बाय १८ ची. पुढे गॅलरी, मागे मोरी आणि मोरीच्या खिडकीखाली घरगल्ली, म्हणजे दोन इमारतींमधली सांडपाण्याच्या पाइपांची अरुंद बोळ. संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या दहा बिऱ्हाडांत मिळून तीन. माझा जन्म याच खोलीतला, त्यामुळे मला त्याचं कधी काही वाटलं नाही. आईला मात्र ते झेपेनासं झालं. ती ७४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. रात्री दोनदा उठायचं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि तिकडे जाऊन उकिडवं बसायचं. मागच्या पावसाळ्यात ती ओल्या गॅलरीत घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं त्याच रात्री मी ठरवलं, मोरीच्या जागी कमोड असलेलं छोटं बाथरूम करायचं.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर, जिथे जिथे चाळी उरल्या आहेत तिथे घरटी हा विचार चालू असतो. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, तोवर म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? ही अडचण नेमकी ओळखून येणारी माणसं आहेत. म्हणून झालं ते सगळं सांगते.

ठेकेदार आमच्या नात्यातल्या एकांनी पाठवला. आमच्याच तालुक्यातला, आडनावही ओळखीचं. आल्या आल्या आईच्या पाया पडला, चहा घेतला, गावच्या पालखीच्या गोष्टी काढल्या. "ताई, पैशांचं मागाहून बघू. आधी आजींची सोय." आई मला आत बोलावून म्हणाली, "तो काय परका आहे का? आपला माणूस आहे." मीही तसंच समजले. त्याने आधी केलेल्या चार कामांचे फोटो मोबाइलवर दाखवले. त्या घरांचे पत्ते मागायचं मला सुचलं नाही.

दोन दिवसांनी तो रंगीत चित्र घेऊन आला. ४ बाय ६ चं बाथरूम, भिंतीला टेकलेला कमोड, कोपऱ्यात बेसिन, आंघोळीला जागा, वर गिझर. चित्रात सगळं ऐसपैस दिसत होतं. पहिली फसवणूक त्या चित्रातच होती आणि ती मला कळायला भिंती उभ्या राहाव्या लागल्या. ४ बाय ६ हे माप बाहेरून बाहेर होतं. नवी विटांची भिंत साडेचार इंच, तिच्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टर आणि आतून टाइल, म्हणजे सहा इंच गेलेच. जुन्या भिंतीकडून आणखी इंचभर. आत उरले ३ फूट ५ इंच बाय ५ फूट ५ इंच. कमोड भिंतीपासून सव्वादोन फूट पुढे येतो, चित्रात तो जेमतेम दीड फुटाचा काढला होता. दार आत उघडणारं. ते उघडलं की कमोडला अडायचं आणि आईला आडवं होऊन आत शिरावं लागायचं. शिवाय आत म्हातारं माणूस पडलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. हे मला पुढे एका नर्सबाईंनी सांगितलं आणि अंगावर काटा आला. चित्रावर पैसे देण्याआधी तेवढी जागा खडूने जमिनीवर आखायची, भिंतीची जाडी धरून. त्यात कमोडच्या जागी स्टूल आणि आंघोळीच्या जागी बादली ठेवायची आणि ज्यांच्यासाठी करतोय त्यांना स्वतः आत बसून उठायला सांगायचं. दहा मिनिटांचं काम होतं. आईनेच मला सांगितलं असतं की जमणार नाही.

एकूण ठरले २ लाख ८० हजार. त्यात घरगल्लीतून नवी चार इंची लाइन खाली उतरवून मलनिस्सारणाच्या चेंबरला जोडायचे ४८ हजार होते. परवानगीचे ३० हजार वेगळे, रोख. "मालक, म्हाडा, पालिका, सगळं मी बघतो. तुम्ही नोकरीवाल्या, तुम्हाला कुठे वेळ." आठवड्याने त्याने परवानगीच्या कागदाची म्हणून एक झेरॉक्स आणून दिली. गोल शिक्का, सही, आवक क्रमांक. मी ती देवाच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

काम चालू असताना मी फोर्टला ऑफिसात. घरी आई एकटी. मोरी फोडली त्या दिवशी रॅबिटच्या, म्हणजे फोडकामातून निघालेल्या राडारोड्याच्या, गोण्या खाली उतरायला हव्या होत्या. संध्याकाळी चारच गोण्या गॅलरीत दिसल्या तेव्हा वाटलं, बाकीच्या नेल्या असतील. ठरल्याप्रमाणे विटांच्या तुकड्यांचा कोबा (लादीखालचा घट्ट थर), कोपऱ्यांना वाटा (सांध्यांवर सिमेंटची गोलाई), वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि मग पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं होतं. हे कागदावर लिहिलेलं होतं. गुरुवारी मी घरी आले तर लादी बसलेली. "पाणी कधी भरलं?" विचारलं, तर म्हणाला, "ताई, थंडीत पाणी भरलं तर माल कच्चा राहतो. मी गॅरंटी देतो ना." आईला त्याने सकाळीच सांगितलं होतं की लेकीला विचारलंय. ती बिचारी काय बोलणार.

तोवर मी २ लाख ४० हजार दिले होते. प्रत्येक हप्त्याला त्याचं काहीतरी तातडीचं असायचं. टाइलवाला दारात उभा आहे, प्लंबर गावी चाललाय. पावत्या सगळ्या कच्च्या, वहीतल्या कागदावर.

पहिले तीन आठवडे सगळं छान होतं. आई रात्री उठून चार पावलांवर जायची. तिने शेजारणींना बोलावून बाथरूम दाखवलं, आत जाताना उंबऱ्याला हळदकुंकू लावलं होतं. चौथ्या आठवड्यात जाळीतून वास यायला लागला. मी फिनाइल ओतत राहिले. मग पहिल्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या पलंगावर छतातून थेंब पडत होते. ते काही ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "एकदा खाली येऊन बघ गं." मी गेले. छताच्या लाकडावर काळपट ओल हातभर पसरली होती आणि गादी गुंडाळून ठेवलेली.

आणि त्याच शनिवारी सकाळी तळमजल्यावरच्या वहिनींच्या मोरीत घाण वर आली. त्या भांडी घासत बसल्या होत्या. आमच्या संडासातलं पाणी त्यांच्या भांड्यांत. हे लिहितानाही मला लाज वाटते. मी आणि वहिनींनी मिळून ती मोरी धुतली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

चाळ कमिटीने त्यांचा जुना प्लंबर पाठवला. साठीतला माणूस. तो घरगल्लीत उतरला, वर पाहिलं आणि मला खाली बोलावलं. आमच्या खिडकीतून दिसणारी नवी पांढरी चार इंची लाइन पाच-सहा फूट सरळ खाली येत होती. पहिल्या मजल्याच्या छज्ज्याआड, जिथे वरून नजर पोहोचत नाही, तिथे ती रिड्यूसर (मोठा पाइप लहान पाइपाला जोडणारा तुकडा) लावून जुन्या तीन इंची मोरीच्या पाइपात घुसवली होती. ४८ हजारांची लाइन तिथेच संपत होती.

त्याने मला जे समजावलं ते चाळीत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. जुन्या इमारतींत दोन वेगळे पाइप असतात. संडासाचा पाइप थेट चेंबरला जातो. मोरीचा पाइप फक्त सांडपाण्याचा, तो खाली गल्लीतल्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या छोट्या कुंडीत, सुटतो. त्या ट्रॅपला मैला झेपतच नाही. कमोड मोरीच्या पाइपाला जोडला की काही आठवड्यांत ट्रॅप तुंबतो आणि ज्याची मोरी सगळ्यात खाली, त्याच्या घरात ते वर येतं. वास का येतो तेही त्याने जाळी उचलून दाखवलं. जाळीखाली नहाणी ट्रॅपच नव्हता, नुसता पाइप. ट्रॅपमध्ये कायम दोन इंच पाणी साचून राहतं, त्यानेच खालची हवा अडते. नवीन जाळी बसली की टॉर्च मारून बघायचं, पाणी साचलेलं दिसलं पाहिजे. मी इतके दिवस त्यावर फिनाइल ओतत होते.

लादी फोडायला लावली तेव्हा तर रडूच आलं. खाली कोबा नव्हता. आमच्याच जुन्या मोरीचं रॅबिट होतं. मोरीच्या शहाबादीचे तुकडे, मातीची ढेकळं, एक फाटकी गोणी आणि माझ्या लहानपणापासून मोरीत असलेल्या दगडी डोणीचा अर्धा तुकडा. त्यावर सिमेंटचं पाणी आणि लादी. त्या गोण्या खाली का उतरल्या नव्हत्या ते तेव्हा कळलं.

पण खरी भीती घातली ती कमिटीने आणलेल्या इंजिनिअरनी. आमची चाळ १९४० च्या आधीची, सेस (दुरुस्तीचा उपकर) भरणाऱ्या इमारतींच्या 'अ' वर्गातली. मजल्याला स्लॅब नाही, सागवानी तुळया आहेत. उतार काढायला आणि पाइप झाकायला ठेकेदाराने जमीन नऊ इंच उचलली होती, म्हणजे आईच्या गुडघ्यांसाठी केलेल्या बाथरूमला नऊ इंचांची पायरी. इंजिनिअरनी वहीत हिशोब मांडून दाखवला. नुसती भरणी सातशे किलोंच्या आसपास, दोन लाल विटांच्या भिंती तेराशेच्या वर, पोटमाळ्यावर ठेवलेली ३०० लिटरची टाकी भरली की आणखी ३०० किलो. दोन टनांहून जास्त वजन, तेही ओल पकडलेल्या लाकडावर, आणि त्याखाली काकांचा पलंग. म्हणाले, "विटांऐवजी हलके सिपोरेक्सचे ब्लॉक किंवा सिमेंट बोर्ड वापरला असता तरी वजन कितीतरी कमी झालं असतं. आणि मागे भिंतीतून पाइप निघणारा कमोड घेतला असता तर जमीन इतकी उचलावीच लागली नसती." पण तेही पुढचं. आधी तुळया तपासायला हव्या होत्या आणि ते सांगायला इंजिनिअर हवा होता. त्यांची फी ठेकेदाराने लाटलेल्या परवानगीच्या पैशांपेक्षा कमी होती.

परवानगीचंही तेच. महिनाभरात मालकाच्या वकिलाची नोटीस आली. आम्ही पागडीचे, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन जुन्या अल्प भाड्यावर राहणारे, भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर तो जागेचा ताबा मागू शकतो. मी झेरॉक्स घेऊन गेले, तेव्हा मालक म्हणाले, माझ्याकडे तर कोणी आलंच नाही. तो आवक क्रमांक शिक्क्यावरच्या कार्यालयात मी स्वतः जाऊन पाहिला. तो दुसऱ्याच इमारतीच्या, गळतीच्या तक्रारीचा होता. तीन पिढ्यांची खोली मी एका शिक्क्याच्या झेरॉक्सवर पणाला लावली होती. परवानगीचा अर्ज आपण स्वतः नेऊन द्यायचा, पोच आपल्या हातात घ्यायची. तिसऱ्याच्या हातून आलेली झेरॉक्स म्हणजे परवानगी नव्हे.

ठेकेदार सुरुवातीला फोन घ्यायचा. "माणूस पाठवतो." मग "गावी आहे." मग फोन बंद. नात्यातल्यांना विचारलं तर तेही म्हणाले, आमची तरी कुठे फार ओळख, लग्नात भेटला होता.

खोट्या शिक्क्याच्या कागदाबद्दल मी पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. कामाच्या पैशांसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझी अडचण पुराव्याची होती. कच्च्या पावत्यांवर त्याची सही नाही. उपयोगी पडलं ते यूपीआयने गेलेल्या दोन हप्त्यांचं बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज आणि कामांची यादी लिहिलेला तो एक कागद. फोडकाम करताना प्लंबरने मला प्रत्येक थराचे फोटो काढायला लावले, शेजारी टेप धरून. ते त्याला सुचलं नसतं तर माझ्या हातात काहीच राहिलं नसतं. काम चालू असतानाच मी असे रोज संध्याकाळी फोटो काढले असते तर लादी बसायच्या आधी भरणीत गोणी दिसली असती.

भिंती उतरवल्या. काकांच्या छताची तुळई दुरुस्त करून दिली, त्याचा आणि फोडकामाचा मिळून ९५ हजार खर्च झाला. मालकांची मी लेखी माफी मागितली, नोटीस पुढे गेली नाही, आणि आता रीतसर अर्ज केला आहे. मोरी पुन्हा मोरी झाली. आईसाठी खाली भांडं असलेली लोखंडी कमोड खुर्ची आणली, रात्री तिच्या पलंगाशेजारी ठेवते आणि पहाटे, लोक उठायच्या आधी, भांडं टोकाच्या संडासात रिकामं करून येते. आईला त्याचा फार संकोच वाटतो. ती संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, मी कितीही सांगितलं तरी.

मध्यंतरी ठेकेदाराने दाखवलेल्या फोटोंपैकी एका बाथरूमच्या खिडकीतून एक ओळखीचा घुमट दिसतोय असं लक्षात आलं. शोधत शोधत त्या इमारतीत पोहोचले, गिरगावपासून वीस मिनिटांवर. त्या घरचे लोक खुशीत होते, टाइल छान चकाकत होत्या, काम होऊन दोन महिनेच झाले होते. मी त्यांना म्हटलं, आपण एकदा खालच्या घरात जाऊ या का? खालच्या आजोबांनी दार उघडलं. मोरीवरच्या छताला त्यांनी निळं प्लास्टिक खिळ्यांनी ठोकलं होतं आणि त्याच्या पोटात पाणी साचून ते खाली लोंबत होतं. आजोबा म्हणाले, वरची माणसं चांगली आहेत, म्हणून अजून बोललो नाही. वरच्या घरानेही आता तक्रार केली आहे. आमची पुढची तारीख एकाच दिवशी आहे.