कांचन, देवकांचन की ब्लेकियाना?

बाउहिनिया वंशातील झाड दोन दलांत दुभंगलेल्या पानामुळे सहज ओळखू येते, परंतु त्यातले कोणते लावावे हे पानावरून ठरत नाही. बागेसाठी प्रामुख्याने तिघांचा विचार होतो: कांचन (व्हेरिगाटा), देवकांचन (पर्पुरिया) आणि या दोघांच्या संकरातून झालेला ब्लेकियाना.

पहिला प्रश्न बहराच्या काळाचा आहे. कांचन हिवाळ्याच्या अखेरीस पाने गाळून जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर फुलतो, तर देवकांचन पावसाळा सरल्यावर पाने अंगावर असतानाच फुलत असल्याने त्याचा बहर तितका डोळ्यांत भरत नाही. रोपाला लावलेल्या चिठ्ठीवर मात्र विसंबू नये, कारण या दोन नावांची अदलाबदल सर्रास होते. फूल हातात घेऊन परागकोश असलेले पुंकेसर मोजावेत. कांचनाचे सहसा पाच असतात, देवकांचनाचे बहुधा तीन. शिवाय कांचनाच्या रुंद पाकळ्यांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि देवकांचनाच्या अरुंद पाकळ्या सुट्या दिसतात.

ब्लेकियानाची गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाँगकाँग बेटाच्या किनाऱ्याजवळ हे झाड प्रथम आढळले, १९०८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि १९६५ मध्ये त्याचे फूल हाँगकाँगचे मानचिन्ह ठरले. सुमारे १० ते १५ सेंटिमीटरची किरमिजी-जांभळी फुले नोव्हेंबर ते मार्च येत राहतात. झाड वंध्य असल्याने त्याची वाढ केवळ कलमांनीच होते. म्हणजेच सारी झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी असतात, आणि एखादा रोग एकावर पडला तर इतरांची प्रतिकारशक्ती निराळी असण्याची आशा नसते.

तरीही पायवाटेलगत किंवा लहान अंगणात मी ब्लेकियानाच निवडेन, कारण शेंगांचा उपद्रव. उरलेल्या दोघांच्या वाळलेल्या शेंगा तडकतात, त्यांची टरफले पिळवटतात, चपट्या बिया दूर फेकल्या जातात आणि झाडाखाली रोपांची गर्दी होते. फ्लोरिडात तर कांचन आक्रमक मानला जातो. जागा मोकळी असेल आणि थोड्या दिवसांचा का होईना, पण भरगच्च बहर हवा असेल, तर कांचनाला तोड नाही. शेंगावर्गातले झाड म्हणून जमिनीत नत्र वाढेल, ही अपेक्षा मात्र तिघांपैकी कोणाकडूनही करू नये; या वंशाच्या मुळांवर हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी सहसा येत नाहीत.

ब्लेकियानाचे भेटकलम (दुसऱ्या रोपावर जोडलेले कलम) घेतल्यास सांध्याखाली फुटणारे धुमारे वेळीच काढावेत, कारण ते खुंटाचे, म्हणजे खालच्या मुळाकडच्या रोपाचे, असतात आणि त्यांना शेंगाही धरतात.