ऑर्क घेताय? मग आधी जग ठरवा: फॉरगॉटन रेल्म्स की एबेरॉन

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ. त्याच्या टेबलावर कुणी ऑर्क, म्हणजे दांडगट लढवय्या जमातीचं पात्र, घेतलं की पहिल्याच सेशनला वाद पेटतो: ऑर्क मुळातच दुष्ट, की तशी वेळ आली म्हणून? डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हे आधीच ठरवलेलं बरं, कारण एकाच खेळाची फॉरगॉटन रेल्म्स आणि एबेरॉन ही दोन काल्पनिक जगं दोन वेगळी उत्तरं देतात.

रेल्म्समध्ये देव खरेखुरे आहेत. ऑर्कांचा देव ग्रुम्श काणा. एल्फ जमातीचे लोक म्हणतात, आमच्या कोरेलॉन देवाने त्याचा डोळा फोडला. ऑर्कांचे पुजारी म्हणतात, साफ खोटं, त्याला पहिल्यापासून एकच डोळा. याच खेळाच्या ‘ड्रॅगन’ मासिकातली १९८२ची गोष्ट तर आपल्या घरातलीच वाटते: देवांनी जग वाटायला चिठ्ठ्या टाकल्या. एल्फांना रानं, बुटक्या ड्वार्फांना डोंगर, माणसांना वाट्टेल तिथे मुभा. ग्रुम्शची पाळी आली तर चिठ्ठीच उरली नव्हती, वर बाकीचे देव हसले. वाटणीत डावललेला भाऊ पुढे काय करतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणजे गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगता येते. नियम मात्र तशी सोय ठेवत नव्हते: २०१६च्या एका पुस्तकात ऑर्क खेळाडूची बुद्धिमत्ता थेट दोनने कमी होती. २०२०मध्ये ते काढलं.

कीथ बेकरचं एबेरॉन (२००४) इथे सरळ वाट बदलतं. देव कधी समोर येतच नाहीत, त्यामुळे ‘देवाने असंच घडवलं’ हा मुद्दा कुणालाच सिद्ध करता येत नाही. इथे हजारो वर्षांपूर्वी झोरिआट या वेड्या मितीतून आलेल्या डेलकिर या विकृत आक्रमकांना निसर्गपूजक ऑर्क ड्रुइडांनीच, म्हणजे गेटकीपर्सनी, रोखलं. शॅडो मार्चेस या प्रदेशात माणसं नि ऑर्क एकत्र नांदतात. पण याच जगातला सायर देश कशामुळे उद्ध्वस्त झाला, याचं उत्तर मुद्दामच दिलेलं नाही. ते डीएमने ठरवायचं, म्हणजे घरचा अभ्यास वाढला.

२०२४च्या नियमांत ऑर्क सगळ्यांसारखाच एक पर्याय आहे आणि ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ म्हणतात. यामुळे वाद मिटतो, पण मजाही थोडी जाते.

माझं मत: खेळाडूच ऑर्क असेल आणि कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) लांबणार असेल, तर एबेरॉन. तीन-चार सेशनचा मामला असेल तर रेल्म्स, फक्त डोळ्याचा निकाल लावू नका. आमच्याकडे शेकोटीपाशी एल्फ बार्ड (गायक) आणि ऑर्क क्लेरिक (पुजारी) यावरून अर्धा तास भांडले. शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं, ‘डीएम, खरं काय?’ मी म्हटलं, पहाऱ्यावर कोण आहे? परसेप्शनचा, म्हणजे चाहूल घ्यायचा, फासा टाका.