तार चांगलीय, आधी सॅडल बघा
इलेक्ट्रिक गिटारला हा १० ते ४६ गेजचा (म्हणजे तारांच्या जाडीचा) निकेल प्लेटेड तारांचा सेट लावला आणि दोन आठवड्यांत बारीक ई तार तीनदा तुटली, एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण तुटलेले तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर तिन्ही एकाच जागी, बरोब्बर ब्रिजच्या सॅडलवर, म्हणजे गिटारच्या बॉडीवर तार ज्या छोट्या तुकड्यावर टेकते तिथे तुटलेले! सॅडलवरून नख फिरवलं तर बारीकशी कूस लागली, तीच तारेला कापत होती. १००० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या हाताने घासली, खाचेत पेन्सिलीचं शिसं लावलं, आता महिना झाला, रोज दणकून बेंडिंग (सूर चढवायला तार बाजूला ओढणं) करतोय तरी तार शाबूत. आवाज खणखणीत, पाचपैकी पाच. तुमची खुंटीजवळ तुटत असेल तर मात्र खुंटीच्या भोकाची कड तपासा.