शनिवारचं चर्च: जेवणाला पाच स्टार, चहाला शून्य

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. एक स्टार कुठे गेला ते पुढे येईलच. चर्चचा कुठे रिव्ह्यू लिहितात का असं आमच्या घरात विचारून झालंय, पण हॉटेलचा लिहितो, डेंटिस्टचा लिहितो, मग जिथे माणूस आठवड्यातला अख्खा दिवस घालवतो त्याचा का नाही. आणि हा रिव्ह्यू देवाचा नाही, मंडळीचा, म्हणजे तिथे जमणाऱ्या लोकांचा आहे, तेवढं लक्षात घ्या.

माझं थोडं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी नगरकडची, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, रविवारची उपासना, पेटी-तबला, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आणि उपासना सुटली की दारात चहा. लग्न करून पुण्याला आले आणि माझी धाकटी जाऊ निघाली माहेरची सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवारी उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथातली, एकदम पक्की. तिच्यामुळे मी ह्या शनिवारवाल्यांच्यात जायला लागले, आधी तिला बरं वाटावं म्हणून आणि नंतर, आता खोटं कशाला बोला, जेवणासाठी. मेंबर नाही, बहुतेक होणारही नाही, रविवारी माझी मंडळी आहेच. चर्चचं नाव मुद्दाम देत नाहीये, पुण्यात ह्यांच्या मंडळ्या बऱ्याच आहेत आणि मी पुढे ज्यांच्या तक्रारी करणारे त्यांच्याच पंगतीला मला परत बसायचंय.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी पटकन: हे लोक शनिवारचा शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस, पाळतात, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू आणि शनिवारी मावळला की संपला. बाप्तिस्मा कळत्या वयातच आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून, तान्ह्या बाळाचं नुसतं समर्पण करतात. १८४४ मध्ये अमेरिकेत हजारो लोक येशू परत येणार म्हणून वाट बघत बसले होते, २२ ऑक्टोबर ही तारीखसुद्धा ठरलेली, तो काही आला नाही, आणि त्या मोठ्या निराशेतून जे लोक उरले त्यांच्यातल्या काहींनी पुढे १८६३ साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला हे चर्च रीतसर उभं केलं. एलन व्हाईट ह्या बाई त्यातल्या प्रमुख. कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग डॉक्टरही तिथल्याच सॅनिटेरियमचे, ह्याच लोकांतले, पुढे त्यांचं आणि चर्चचं फाटलं ती वेगळी गोष्ट. पुण्याला हे लोक मुळीच नवीन नाहीत. स्पायसर कॉलेज १९४२ पासून इथे आहे, आता युनिव्हर्सिटी झालंय, आणि सॅलिसबरी पार्कात त्यांचं ओरिएंटल वॉचमन हे छापखाना-प्रकाशन. औंधातल्या जुन्या लोकांना पंथ-बिंथ काही माहीत नसतं पण स्पायसरचा ब्राऊन ब्रेड बरोब्बर माहीत असतो.

आता शनिवार सकाळ. पहिला भाग शब्बाथ शाळा, आणि ही लहान मुलांपुरती नाही, मोठ्यांचीही असते. आमच्याकडे संडे स्कूल म्हणजे पोरांना एका खोलीत कोंबायचं आणि आपण निवांत उपासनेला बसायचं, इथे सत्तरीच्या आजोबांनाही धड्याचं पुस्तक असतं. तीन महिन्यांचं एक पुस्तक, आठवड्याला एक धडा, रोज थोडं वाचून यायचं, आणि जगभर सगळीकडे त्या आठवड्याला तोच धडा चालू असतो. गटागटाने गोल बसतात आणि चक्क वाद घालतात. मला हा प्रकार सगळ्यात आवडला. पाळकसाहेब बोलणार आणि आपण माना डोलावणार ह्याची सवय असलेल्या बाईला समोरची भाजीवाली मावशी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या चार पशूंवरून एका इंजिनीअरला गप्प करते हे बघायला फार मजा येते. ती मावशी घरून पुस्तकावर पेन्सिलीने खुणा करून येते, इंजिनीअरसाहेब मोबाईलवर तिथल्या तिथे वाचतात, मग असं होणारच.

दुसरा भाग मुख्य उपासना, आणि इथे माझा अर्धा स्टार जातो. उपदेश इंग्रजीत असेल तर शेजारी उभं राहून कोणीतरी वाक्या-वाक्याला मराठी करतं, म्हणजे अर्ध्या तासाचा उपदेश तासाचा होतो, आणि भाषांतर करणारा जरा उत्साही असला की त्याचा स्वतःचा एक छोटा उपदेश मधल्यामधे होऊन जातो. त्याच्याआधी सूचना. सूचना म्हणजे काय विचारू नका, कोणाचा वाढदिवस, कोणाचं ऑपरेशन, कोणाची छत्री राहिली, कॅम्पचे पैसे, पुन्हा कॅम्पचे पैसे. ह्या सगळ्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या असतात, पण ग्रुपवर गुड मॉर्निंगचे इतके फोटो की खरी सूचना त्यात सापडेल तर शपथ, म्हणून परत माईकवरून. माईकही मध्येच किंचाळतो. बाकी गाणं चांगलं. पेटी आहे, कीबोर्ड आहे, बायकांचा सूर पक्का आहे, पुरुष मागे-मागे गुणगुणतात ते सगळ्याच मंडळ्यांत.

आता जेवण. दर शनिवारी नसतं, महिन्यातून एकदा मोठी पंगत आणि मधेअधे काही निमित्त निघालं तर, तेव्हा जायचं तर विचारून जा. प्रत्येक घर एकेक पदार्थ आणतं आणि सगळं शाकाहारी. आता हे लोक सगळेच शाकाहारी असतात असं नाही, घरी चिकन खाणारे भरपूर आहेत, पण डुक्कर आणि कोळंबी-खेकडे मात्र बंद, बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातल्या नियमामुळे, आणि चर्चच्या पंगतीत मांस नाहीच. माझी जाऊ कोकणातल्या मैत्रिणीकडे गेली की तिची काय पंचाईत होते ते मला माहितीये. गंमत म्हणजे शब्बाथला स्वयंपाक होईल तितका टाळायचा असतो, म्हणून सगळं शुक्रवारी संध्याकाळच्या आत करून ठेवायचं आणि शनिवारी फक्त गरम. त्यामुळे इथे मुरणारे पदार्थ बघा कसे लागतात. वांग्याची भाजी, मसूरची आमटी, सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा, सगळं आदल्या दिवशीचं आणि दुप्पट चविष्ट. सोयाच्या वड्या मी आयुष्यभर नाक मुरडून खाल्ल्या, आमच्याकडे त्या म्हणजे महिनाअखेरीचं मटण, पण इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर हात बसवलाय. एक काकू गव्हाचं पीठ धुऊन धुऊन त्यातला चिकट भाग वेगळा काढतात आणि त्याचे मसाल्यातले तुकडे करतात, खाताना मटण नाही हे कळायला वेळ लागतो. रेसिपी मागितली तर म्हणाल्या, "पीठ धुवायला ये घरी, सांगून कळायचं नाही ते."

आणि मग हे सगळं खाऊन झाल्यावर चहा नाही. नाही म्हणजे नाहीच. दारू-तंबाखू नाही हे ठीक, चहा-कॉफीपण नको अशी त्यांची शिकवण आहे. लिंबू सरबत मिळतं, कधी कोकम. वड्यांचा रस्सा खाऊन दुपारी दोनला चहा न मिळणं ही काय शिक्षा आहे ते मराठी माणसालाच कळेल. घरी चहा पिणारे मेंबर चिकार आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे, नावं सांगत नाही, पण चर्चच्या आवारात सगळे एकदम सोवळे.

पंगतीवर इतकं लिहितेय कारण ह्या मंडळीत खरं जे काही आहे ते उपदेश संपल्यावर सुरू होतं. शनिवारी दुपारी ह्यांना दुसरं काही करायचंच नसतं ना. दुकानात जायचं नाही, खरेदी नाही, ऑफिसचं काम नाही, टीव्हीपण बहुतेकांचा बंद. मग करणार काय, बसतात एकमेकांपाशी. आमच्या रविवारी उपासना सुटली की प्रत्येकाला मंडई असते, क्लास असतात, मॅच असते, पाळकांना सलाम केला की गाडीला किक. इथे चार वाजेपर्यंत लोक चटईवर पसरलेले, कोणी आजाऱ्याकडे जायचं ठरवतंय, कोणी पोरीच्या स्थळाची चौकशी करतंय, म्हाताऱ्या बायका एकीच्या मांडीवर दुसरीचं नातवंड. कोणाच्या घरी काय अडचण आहे हे सगळ्यांना माहीत असतं, ते चांगलंही आणि वाईटही, तुम्हाला खाजगीपणा प्यारा असेल तर हे चर्च तुमच्यासाठी नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करतात त्या दिवशी मात्र नक्की जा, साधारण तीन महिन्यांतून एकदा असतं. आधी पाय धुण्याचा विधी. पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या खोलीत, घमेली, कोमट पाणी, टॉवेल, आणि दोघा-दोघांनी एकमेकांचे पाय धुवायचे, येशूने शिष्यांचे धुतले तसे. वाचलेलं होतं, पण बायकांच्या खोलीत प्रत्यक्ष बघितलं तेव्हा जरा हललेच. एक सासू खाली बसून सुनेचे पाय धूत होती. आपल्याकडे सुनेने सासूचे धुणंसुद्धा सणवारालाच, आणि सासूने सुनेचे तर कधीच नाही. ती सून इतकी अवघडली होती की पाय मागे घेत होती आणि सासू म्हणतेय, "ठेव गं सरळ, पाणी सांडतंय." मग सुनेने तिचे धुतले. ज्यांचं बिनसलंय त्यांनी मुद्दाम एकमेकांना जोडीला घ्यावं असा रिवाज आहे, आणि काही जण खरंच घेतात. आता त्याने भांडणं कायमची मिटतात असं काही नाही, पाय धुतलेल्या दोन बाया पुढच्याच आठवड्यात हॉलच्या किल्लीवरून तावातावाने बोलताना पाहिल्यात. नंतर बेखमीर भाकर आणि न आंबवलेला द्राक्षरस. बाहेरच्या मंडळीतल्या ख्रिस्ती माणसालाही घेऊ देतात, कोणी सर्टिफिकेट विचारत नाही. जाऊबरोबर मी बसले होते, आमचा त्या महिन्यात गॅसच्या बिलावरून अबोला होता. तिने घमेलं ओढलं आणि म्हणाली, "ताई, बिल मी भरलंय, पाय द्या."

उरलेला अर्धा स्टार नवीन माणसाच्या बाबतीत. पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात, त्यात मोबाईल नंबर, आणि मग बायबल स्टडीसाठी फोन. प्रेमाने करतात, पण करतात. मला तीन-तीन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी तीच पत्रकं दिली. नको असेल तर सरळ नको म्हणा, राग धरत नाहीत, फक्त विसरतात आणि परत विचारतात. शनिवारवाल्या अडचणीचंही आधी माहीत असू द्या, ज्यांची शनिवारी नोकरी आहे किंवा पोरांचा पेपर शनिवारी पडतो त्यांची खरी ओढाताण होते. अर्ज करून, विनंत्या करून काहींचं जमतं, काहींचं वर्ष जातं. मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, पण पेपर चुकलेल्या पोरीच्या आईचा चेहरा बघितला की मला काही बोलता येत नाही. मी तरी पोरांना पेपरला पाठवलं असतं.

मुलं असतील तर पाथफाइंडरसाठी तरी एकदा बघून या. साधारण १० ते १५ वर्षांची मुलं, स्काऊटसारखं, गळ्यात पिवळा स्कार्फ, १९५० पासून जगभर अधिकृतपणे चालू आहे. गाठी मारणं, तंबू ठोकणं, प्रथमोपचार, तारे ओळखणं, पक्षी ओळखणं, प्रत्येक विषय पुरा केला की एक बिल्ला, तो खांद्यावरच्या पट्ट्यावर शिवायचा. शिवायचा म्हणजे आईने शिवायचा, हे कोणी आधी सांगत नाही. त्याहून लहानांसाठी ॲडव्हेंचरर आहे. माझा भाचा मोबाईलमधून डोकं वर काढत नव्हता, तो आता पावसात चूल पेटवून दाखवतो, सोसायटीच्या वॉचमनने तक्रार केली म्हणून कळलं.

पुढे काय काय आहे ते सांगते, सूचनांमधून गाळून काढलंय. ह्या महिन्यात एका रविवारी सकाळी आरोग्य शिबिर आहे, बीपी, शुगर, वजन, फुकट आणि कोणालाही खुलं, मागच्या खेपेला शेजारच्या वस्तीतल्या बायकाच जास्त होत्या आणि तसंच व्हायला पाहिजे. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी तेरावा शब्बाथ, म्हणजे तिमाही संपते, मुलं पाठ केलेली वचनं म्हणतात, नाटुकली करतात आणि त्या दिवशीच्या खास अर्पणाचा काही भाग जगातल्या कुठल्यातरी एका भागातल्या मिशनच्या कामाला जातो, कुठे ते दर तिमाहीला बदलतं. ख्रिसमसची गाणी आहेत, पण आमच्या नगरसारखा धुमाकूळ नसतो, त्या अपेक्षेने जाऊ नका. पाथफाइंडरचा कॅम्प सुट्टीत, अंथरूण आपलं आपलं न्यायचं. जानेवारीत दहा दिवसांची प्रार्थना, बहुतेक संध्याकाळी कोणाकोणाच्या घरी, बसायला जागा कमी पडते म्हणून लवकर पोचा. आणि मे महिन्यात मुलांचं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, ह्याला कुठल्याही धर्माची मुलं येतात, हस्तकला, गाणी, गोष्टी, खाऊ, सकाळचे काही तास पोरं घराबाहेर. फी जवळजवळ नाहीच. फक्त नाव मार्चमध्येच देऊन ठेवा, एप्रिलअखेर विचारलंत तर काकू वही उघडून दाखवतात आणि वहीत जागा नसते.